कपाटातला धंदा

आवाजाच्या धंद्यात शिरायचं पाणीवाल्यांच्या मनात कधीच नव्हतं. त्यांना फक्त कपाट रिकामं करायचं नव्हतं.

पाणीवाले म्हणजे पाणी विकणारे नव्हेत. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर त्यांची सारी नोकरी गेली, म्हणून इमारतीत त्यांना हे नाव पडलं. ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. अजूनही नळातून नुसती हवा आली की लोक जिन्यात त्यांच्याकडेच रागाने बघत. खिडकीमागे बसून त्यांनी जन्मभर एकच वाक्य म्हटलं होतं: "तुमची तक्रार नोंदवली आहे." त्या वाक्यात राग नसे, लोभ नसे आणि पाणी येईल अशी आशाही नसे. घरी बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. ती गेली तेव्हा घरातलं बोलणं तिच्याबरोबर गेलं. आपल्याला त्यातलं काही जाणवलेलं नाही असं पाणीवाले दाखवत, आणि लोक त्यांच्या समाधानासाठी ते खरं मानत.

मुलगी दुसऱ्या गावी असते. एका रविवारी ती चार मोठ्या रिकाम्या पिशव्या घेऊन आली. मुलगी भरल्या पिशव्या घेऊन आली तर बापाला आनंद होतो. रिकाम्या पिशव्या पाहून पाणीवाल्यांनी आईच्या कपाटाचं दार नीट लागलंय का ते बघितलं.

"बाबा, आईचं कपाट आज रिकामं करू या," ती म्हणाली. "कुणाच्या तरी अंगाला लागतील कपडे. आणि तुम्ही रोज उठून ते समोर बघायचं, हे बरं नाही. सगळे सांगतात."

सगळे म्हणजे समोरच्या वहिनी, पाणीवाल्यांचा मेहुणा आणि कुठल्याशा मासिकातला एक लेख.

पाणीवाल्यांना 'नको' म्हणायचं होतं. पण खात्यात कुणी साधं नको किंवा नाही म्हणत नसे. नाही म्हणायचं असेल तर कारण द्यावं लागे. पाइप फुटला आहे, वरून आदेश नाही, साहेब रजेवर आहेत. कारणाशिवाय नकार ही बेशिस्त समजली जाई. त्यामुळे पाणीवाले कपाटाच्या दाराला पाठ लावून उभे राहिले आणि कारण शोधू लागले. दातांच्या डॉक्टरकडे वाट बघताना रेडिओवर कुणा आवाजवाल्याची मुलाखत चालू होती, ती त्यांना आठवली.

"कपडे लागणार आहेत मला," ते म्हणाले.

"आईचे? कशाला?"

"धंद्याला."

"कसला धंदा?"

"आवाजाचा. जाहिरातीत मागून बोलतात ना, तो. हल्ली घरीच करतात. कपाटात बसून. भिंती आवाज घुमवतात, कपडे शोषून घेतात. तेव्हा हे कपडे म्हणजे," इथे त्यांनी योग्य शब्द शोधला, "भांडवल आहे."

मुलगी बँकेत कर्जविभागात आहे. भांडवल आहे असं सांगणारे लोक तिने पुष्कळ पाहिलेत. ती बापाकडे बघत राहिली.

"तुम्ही? जाहिरातीत? आई म्हणायची, ह्यांनी 'आग लागली' म्हणून सांगितलं तरी लोक आधी हातातला चहा संपवतील."

"म्हणूनच क्लास लावणार आहे."

"बरं," ती म्हणाली. "धंदा करताय तर मी आड येणार नाही. पुढच्या खेपेला येईन तेव्हा काम दाखवा. काम चालू असेल तर कपाट तुमचं. नाहीतर मी आणि वहिनी मिळून ते रिकामं करणार, मग कुरकुर चालायची नाही."

पिशव्या तिने परत नेल्या, पण घडी न मोडता.

अशा रीतीने एक शब्द वाचवायला गेलेल्या माणसाच्या गळ्यात सबंध धंदा पडला.

आता धंदा म्हटलं की सल्ला आला, आणि सल्ला म्हटलं की मेहुणा आला. मेहुणा हा माणूस ओळखींवर जगतो. त्याच्या ओळखीने घेतलेली वस्तू बाजारापेक्षा थोडी महाग पडते आणि थोडी लवकर बिघडते. मात्र दुकानदार तुम्हाला उठून खुर्ची देतो.

"भावोजी, क्लासशिवाय काही खरं नाही," तो म्हणाला. "आवाज सगळ्यांनाच असतो. तो लावायचा कसा, तिथे घोडं पेंड खातं. माझ्या ओळखीचे एक सर आहेत."

सरांचा क्लास एका चष्म्याच्या दुकानावर होता. पहिला धडा फुकट होता, आणि पुढचे धडे फुकट नाहीत एवढंच त्या धड्यात शिकवलं गेलं. बाकीचे विद्यार्थी पाणीवाल्यांच्या नातवाच्या वयाचे. ते दाताखाली पेन्सिल आडवी धरून वर्तमानपत्र वाचत. पाणीवाल्यांनीही धरली. त्यांचे वरचे दात हल्लीच बसवलेले होते. पेन्सिल काढली तेव्हा तिच्याबरोबर तेही आले. सर मोठ्या मनाचे. "काका, तुम्ही पेन्सिल मनात धरा," म्हणाले.

सरांचा मुख्य सिद्धांत असा, की हजारोंशी बोलायचं नाही, एकाच माणसाशी बोलायचं. "माइक म्हणजे यंत्र समजू नका. डोळे मिटा. आपलं एक माणूस समोर आणा. आलं? आता त्याला सांगा, ही बिस्किटं किती कुरकुरीत आहेत ते."

पाणीवाल्यांनी डोळे मिटले. माणूस आलं. लगेच आलं, बोलवावंही लागलं नाही. पण बिस्किटांचं काही सुचेना. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. सगळा क्लास बिस्किटांची वाट बघत होता.

शेवटी सरांनी त्यांना बाजूला घेतलं. "काका, तुमचा ब्लॉक आहे."

"कुठे?"

"आत. घाबरायचं कारण नाही, निघतो. त्याचा वेगळा कोर्स आहे."

वेगळ्या कोर्सची वेगळी फी होती. दोन्ही कोर्स संपल्यावर एक रंगीत प्रमाणपत्र मिळालं. ब्लॉक काही निघाला नाही, पण त्याला प्रतिष्ठा आली.

पुढची पायरी नमुन्याची. आपला आवाज चार तऱ्हांनी बोलून, त्याची ध्वनिफीत करून ती गावभर पाठवायची. ध्वनिफीत करायची सरांच्याच स्टुडिओत, आणि तिथे भावनेप्रमाणे दर होते. नुसती माहिती स्वस्त. आपुलकी त्याहून महाग. हसणं सगळ्यात महाग, कारण ते पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं.

"काका, आनंद. जरा आनंद आणा," सर काचेपलीकडून म्हणाले.

"आणला होता."

"कुठे?"

"मघाशी. दुसऱ्या ओळीत."

सरांनी दुसरी ओळ परत लावून ऐकली. मग कानावरचे हेडफोन काढून ते जरा गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आता चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तसा प्रकार सुरू झाला. मेहुण्याच्या ओळखीने माइक आला. त्या किमतीत एक चांगला फ्रीज आला असता, आणि फ्रीजमध्ये निदान दूध राहतं. माइकला उभं राहायला दांडी लागते, आणि तोंडातली हवा अडवायला एक जाळी. तो थेट कॉम्प्युटरला जोडता येत नाही, मधे एक डबी लागते. जुना कॉम्प्युटर डबीला ओळखेना, म्हणून नवा आणला. नव्याचा पंखा घरघरतो आणि माइक ती घरघर अचूक टिपतो, म्हणून कॉम्प्युटर कपाटाबाहेर ठेवायचा आणि वायर आत न्यायची. वायर आत न्यायला कपाटाला भोक पाडायचं. भोक पाडायला सुतार बोलवायचा.

सुताराने कपाट उघडलं आणि म्हणाला, "हे सगळं काढून ठेवा, मग भोक पाडतो."

"काही काढायचं नाही. तसंच पाडा."

"काका, भोक पाडायचंय, का पोटाचं ऑपरेशन करायचंय? कपडे काढले तर दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन तास लावा. दोन तासांचे पैसे देतो."

सुताराने दोन तास लावले आणि तीन तासांचे घेतले. भुसा कपड्यांवर उडालाच. पाणीवाल्यांनी मग एकेक कपडा जागच्या जागी झटकला. शाल, स्वेटर, लांब कोट, घरात घालायचे कपडे. हँगरवरून एकही उतरवला नाही. त्यात सबंध संध्याकाळ गेली, आणि ही संध्याकाळही त्यांनी धंद्याच्या खर्चात धरली.

कपाटात छोटं स्टूल ठेवून, गुडघे छातीशी घेऊन, दार ओढून ते बसू लागले. आत उजेडाला एक लहान दिवा. आत इतकं उकडे की दहा ओळी वाचून माणूस उकडलेल्या बटाट्यासारखा बाहेर येई. एका स्वेटरची बाही डाव्या कानाला लागे. ती त्यांनी बाजूला केली नाही. सर म्हणाले होते, एकदा जमलेली मांडणी हलवू नये.

आता एक नवीनच शोध लागला. आवाजाच्या धंद्याला आवाज चालत नाही. माइक एवढा तिखट कानाचा, की वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी ती बिस्किटांच्या जाहिरातीत येऊन बसे. लिफ्टचं दार, कुणाची शिंक, समोरच्या वहिनींचा मिक्सर, सगळी इमारत नमुन्यात नांदू लागली. पाणीवाल्यांनी जिन्याजवळच्या फलकावर नम्र विनंती लावली: 'सकाळी व दुपारी काही वेळ शांतता राखल्यास आभारी राहीन.'

लोक चांगले असले की फार त्रास होतो. दुःखातला माणूस आहे, त्याला शांतता हवी असेल, असं म्हणून सगळी इमारत पाय न वाजवता चालू लागली. वरच्या मजल्यावरचा एक लहान मुलगा रडायला लागला की त्याची आई त्याला उचलून गच्चीवर पळे. फक्त एक माणूस दुखावला गेला, तो म्हणजे इमारतीचा सेक्रेटरी. फलकावर त्याच्या सहीशिवाय कागद लागला होता.

"ऐकलं ते खरं का? घरात धंदा?" दारातच त्याने विचारलं.

"नुसतं बोलतो मी. कपाटात."

"बोलायला हरकत नाही. पैसे घेऊन बोलायला परवानगी लागते. नगरपालिकेचं लायसन आणा, मग वाटेल ते बोला. मला तुमच्याबद्दल आदर आहे, पण नियम म्हणजे नियम."

लायसनच्या कचेरीत पाणीवाले पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरच्या अंगाला उभे राहिले. बाहेरून खिडकी बरीच लहान दिसते. आतल्या कारकुनाने धंद्यांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. पिठाची गिरणी होती, पिंजारी होता, पक्षी विकणारा होता. आवाज नव्हता.

"नुसता आवाज बसत नाही कुठे. 'ध्वनिक्षेपक भाड्याने देणे' आहे. त्यात बसवू?"

"पण माझ्याकडे ध्वनिक्षेपक नाही."

"ते आम्ही बघायला येत नाही. बसवू का?"

"बसवा."

"तुमचा अर्ज नोंदवला आहे," कारकून म्हणाला.

पाणीवाल्यांनी दाद दिली. चाल बरोबर होती, शेवट थोडा आशेकडे झुकला होता. अजून तरुण होता तो.

लायसन आलं आणि नियमाप्रमाणे दारावर लागलं. आठवडाभरात लोक कर्णे मागायला येऊ लागले. एका मंडळाला दोन हवे होते. नाही म्हटल्यावर त्यांचा पुढारी लायसनवर बोट ठेवून म्हणाला, "आम्हालाच नाही का? दुसऱ्यांना देता?" सेक्रेटरीनेही इमारतीच्या सभेसाठी एक मागितला, तोही सवलतीत. मग एक निरीक्षक आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला. पाणीवाले कपाटात बसले, दार लावलं, आणि निरीक्षकाने बाहेर यंत्र धरलं. काटा हलला नाही. त्याने यंत्र दोनदा आपटलं, मग वहीत लिहिलं, 'धंदा बंद आढळला,' आणि धंदा बंद असल्याबद्दल खुलासा मागितला.

इतकं करून काम कुठे होतं? नमुना गावभर गेला होता. उत्तर कुणाचंच नव्हतं. मुलगी फोनवर रोज जेवणाचं विचारी आणि शेवटी, जाता जाता, "आणि धंदा?" म्हणे. पाणीवाले "जोरात" म्हणत, तेही त्याच चालीवर, म्हणून तिला ते खरं वाटत नसे. "पुढच्या महिन्यात येते मी," ती म्हणाली. त्या दिवसापासून पाणीवाले सकाळ-दुपार सराव करू लागले. शांपूच्या जाहिरातीत थोडी आपुलकी येते आहे असं सर म्हणाले होते, म्हणून शांपूच धरला.

समोरच्या वहिनी मायाळू बाई. वाटीत काहीबाही घालून आणून देतात आणि घराची किल्ली त्यांच्याकडे असते. एका दुपारी त्या आमटीची वाटी घेऊन आत आल्या. घरात कुणी दिसेना. एवढ्यात आतल्या खोलीतून, बंद कपाटातून, आवाज आला. अगदी हळू, समजूत घालावी तसा.

"तुझे केस... किती दिवसांनी बघतोय असे मोकळे..."

वहिनी भिंत धरून उभ्या राहिल्या.

"थकत असशील तू. सगळ्यांचं करता करता स्वतःकडे बघायचं राहूनच जातं..."

पुढे शांपूचं नाव होतं, पण तिथवर वहिनी थांबल्याच नाहीत. डोळ्यांना पदर लावून त्या आल्या पावली परत गेल्या. वाटीही परत नेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. माणसं पाणीवाल्यांना जिन्यात वाट देऊ लागली. सेक्रेटरीने कर्ण्याचा विषय सोडून दिला, उलट त्यांचा हात हातात घेऊन काही न बोलता बराच वेळ दाबला. पाणीवाल्यांना वाटलं, लायसनचा परिणाम आहे.

रात्री वहिनींनी मुलीला फोन केला. "तू येऊन जा गं. काका कपाटात बसून तुझ्या आईशी बोलतात. तिच्या केसांचं कौतुक करतात. माणूस जिवंतपणी करत नाही एवढं."

आणि नेमकं त्याच आठवड्यात काम आलं.

एक कंपनी होती, गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर घेणारी. आधी तिथे एका मुलीचा आवाज होता, हसरा आणि गोड. "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असं ती इतक्या आनंदाने सांगे की लोक जास्तच पेटत. मॅनेजरने पाणीवाल्यांचा नमुना चार चिडलेल्या गिऱ्हाइकांना ऐकवून पाहिला. चौघांनीही शांतपणे फोन खाली ठेवला. काही होणार नाही, ह्याची त्यांना खात्री पटली होती.

"असा आवाज आम्ही केव्हापासून शोधतोय," मॅनेजर म्हणाला. "शिकवून येत नाही हो हे."

पाणीवाल्यांना वाईट वाटलं. दोन कोर्सची फी भरली होती. पण कपाट वाचलं होतं, म्हणून ते गप्प बसले. एकच अट होती, कंपनीचा साउंड इंजिनिअर येऊन घरची जागा तपासणार.

इंजिनिअर आला तो कमी बोलणारा, किडकिडीत माणूस. आल्यावर चहा नको म्हणाला आणि थेट कपाटाशी गेला. दार उघडून त्याने आत तोंड घातलं, एक टाळी वाजवली आणि मान तिरकी करून ऐकत राहिला. मग बोटांनी मागची फळी वाजवली.

"कपडे काढायला लागतील," तो म्हणाला.

"कपड्यांनीच तर आवाज शोषला जातो," पाणीवाले म्हणाले.

"वरच्या पट्टीतला जातो. खालच्या पट्टीतला राहतो. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं येतं. हे सगळं काढा, आत चहूबाजूंनी फोम बसवू. छान होईल."

एवढ्यात मुलगी आली. न कळवता आली होती, बॅगही खाली न ठेवता आतल्या खोलीत आली. तिच्या मागे वहिनी, रिकाम्या हाताने बरं दिसत नाही म्हणून वाटी घेऊन.

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय झालंय? हे कंपनीचे इंजिनिअर. काम मिळालंय मला."

मुलगी बापाकडे बघत राहिली. मग तिने बॅग खाली ठेवली. "खरंच मिळालं?"

"मिळालंय," इंजिनिअर म्हणाला. "फक्त हे कपडे काढून द्या म्हणजे मी माप घेतो."

मुलीच्या चेहऱ्यावरून जणू ओझं उतरलं. "अहो, मग काढू की! बाबा, आता तर धंद्याचंच काम आहे. वहिनी, जरा हात लावता का?"

स्वतःच खणलेल्या खड्ड्यात माणूस पडतो तेव्हा वरून माती लोटायला घरचेच हात येतात. इंजिनिअरने कडेचे पाच-सहा हँगर एकदम उचलले आणि कपडे दोन्ही हातांवर घेतले. पाणीवाले पुढे झाले.

"आज नको. सुताराला विचारायला हवं."

"सुताराचं काही काम नाही," इंजिनिअर म्हणाला.

"लायसनमध्ये बदल करावा लागेल."

"लायसन कर्ण्यांचं आहे, बाबा. दारावर वाचलं मी."

"कपडे धुतलेले नाहीत. भुसा आहे त्यांच्यावर."

"धुऊनच देऊ ना कुणालाही," वहिनी हळूच म्हणाल्या.

पाणीवाले आणखी कारण शोधू लागले. पाइप, आदेश, रजेवरचे साहेब, सगळं शोधून झालं. इंजिनिअरने आणखी दोन हँगरांना हात घातला.

"नको," पाणीवाले म्हणाले.

इंजिनिअर थांबला.

"का नको?" मुलीने विचारलं.

"कारण काही नाही. नको."

आवाज मोठा नव्हता. पण वहिनींनी वाटी खाली ठेवली.

"एवढंच होतं तर तेव्हाच सांगायचं ना, बाबा," मुलगी म्हणाली. "हा क्लास, हा माइक, हे दारावरचं... एवढा खर्च!"

"तेव्हा जमलं नाही."

मुलगी पलंगाच्या कडेवर बसली. वहिनींना राहवेना. "पण काका, तुम्ही तिच्याशी बोलता ते बोलत जा हो. आम्ही कुणी काही म्हणणार नाही. केसांचं किती छान बोललात."

"ती शांपूची जाहिरात होती, वहिनी."

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या. "आणि मी सबंध दुपार रडले!"

"म्हणजे चांगली झाली असेल."

इंजिनिअर अजून हातांवर कपडे घेऊन उभा होता. "हे कुठे ठेवू?"

"होते तिथे."

त्याने ते एकेक करून परत अडकवले, जमेल तसे त्याच क्रमाने. मग खिशातून पेन काढलं. "जागा नापास लिहितो, काका. राग मानू नका."

"लिहा."

"पण तुमचं काम अर्ध्या तासाचं आहे. आमच्या ऑफिसात येऊन बोलून जा, तिथे सगळं आहे. एवढ्याशा कामाला लोक घरी काही करत नाहीत. तुम्हाला कुणी सांगितलं हे सगळं करायला?"

मुलगी उठून कपाटाशी गेली. दिवा लावला, आत वाकून बघितलं. स्टूल, दांडी, जाळी, आणि स्टुलावर बसलं की कानाशी येईल अशी लोंबणारी बाही. तिने हात लावला नाही.

"बाबा, ह्यातलं एक मी नेऊ? वापरायला."

पाणीवाल्यांनी कपाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहून घेतलं.

"ने की. पण मधलं नको."

"मधलं का नको?"

"मधलं काढलं की घुमतं."

मुलीने इंजिनिअरकडे पाहिलं. तो पेन खिशात ठेवून निघाला होता. तो परत आला, कपाटात वाकला, एक टाळी वाजवली आणि मान तिरकी करून ऐकलं. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ ऐकलं.

"बरोबर आहे, ताई," तो म्हणाला. "कडेचं घ्या."